मूळ मालक कोण?



या व्यासपीठावरून आजवर मोठमोठी माणसे बोलून गेली. त्या परंपरेत मजसारख्याला उभे करण्यात चालकांचा मोठेपणा आहे, की त्यांच्या यादीतले कोणी आयत्या वेळी आजारी पडले, हे मी विचारलेले नाही. माझे शिक्षण रात्रशाळेत दहावीपर्यंत झाले. पुढचे जे काही झाले ते कारखान्यांच्या दाराशी, कामगार न्यायालयाच्या बाकावर तारखेची वाट पाहताना, आणि युनियनच्या कचेरीतल्या दोन पत्र्याच्या कपाटांतून. तेव्हा आजच्या बोलण्यात अर्थशास्त्राची परिभाषा फारशी येणार नाही. ती चुकीची वापरण्यापेक्षा न वापरलेली बरी.

विषय आहे परदेशी धाडलेल्या कामाचा. हल्ली काम बाहेर देण्याला आउटसोर्सिंग म्हणतात, आणि ते समुद्रापलीकडे गेले की ऑफशोअरिंग. नावे नवी आहेत, वस्तू जुनी आहे. आमच्या कारखान्यांतून तिला 'जॉबवर्कला देणे' म्हणतात. आपल्या छपराखाली, आपल्या हजेरीपटावरच्या माणसांकडून करून घ्यावयाचे काम दुसऱ्याच्या छपराखाली, दुसऱ्याच्या माणसांकडून करून घ्यावयाचे आणि मालावर नाव मात्र आपले लावावयाचे, एवढाच त्याचा अर्थ. ते दुसरे छप्पर शेजारच्या गाळ्यात असेल, भिवंडीत असेल, ढाक्यात असेल, नाहीतर आपल्या हिंजवडीत असेल.

या विषयाशी माझी गाठ घालून दिली ती माझ्या भाचीने. २००६ साली ती बी. कॉम. झाली आणि पुण्यातल्या एका कॉल सेंटरमध्ये लागली. इंग्लंडमधल्या गिऱ्हाइकांची बिले, तक्रारी, पत्त्यांतले बदल असे तिचे काम. दुपारी कंपनीची गाडी न्यावयास येई आणि मध्यरात्र उलटून गेल्यावर घरी सोडी. कामावर तिचे नाव जेनी. घरात पहिला मोठा पगार तिने आणला आणि आईचे गहाण पडलेले दागिने सोडविले, हे मी आधी सांगून ठेवतो. कारण पुढे मी जे बोलणार आहे ते ऐकून कोणी असे समजू नये, की मी या नोकऱ्यांच्या विरुद्ध आहे.

एके रविवारी ती आमच्याकडे जेवावयास आली होती. तिला घास जाईना. आदल्या रात्री उत्तर इंग्लंडमधल्या एका वृद्ध बाईचा फोन तिच्याकडे आला होता. बाईंनी बिलाची तक्रार सांगितली, ती हिने नीट करून दिली. आणि मग बाई शांतपणे म्हणाल्या, की माझा मुलगा हेच काम आमच्या गावात करीत होता. ती कचेरी बंद झाली. ते काम आता तुझ्याकडे आहे.

"मामा, मी खरंच कुणाचं काम घेतलं का हो?" असे तिने मला विचारले.

मी म्हणालो, "तू कुणाचं काही घेतलेलं नाहीस. जेवून घे."

उत्तर दिले खरे, पण ते माझे मलाच पटले नव्हते. कारण हाच प्रश्न आमच्या घरात पूर्वी एकदा येऊन गेला होता.

माझे वडील परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतला असे आजतागायत कोणी जाहीर केलेले नाही. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. सातआठ महिने झाले, घरातली तांब्यापितळेची भांडी गेली, खानावळीची उधारी थांबली, तेव्हा वडील भिवंडीस एका गाववाल्याच्या ओळखीने यंत्रमागावर लागले. पाळी बारा तासांची. मजुरी गिरणीतल्या पगाराच्या निम्म्याहूनही कमी. ना रजा, ना बोनस, ना फंड. कारखान्याचा कायदा तेथे लागू नव्हता, कारण छप्पर एक असले तरी कागदोपत्री त्याचे तीन कारखाने होते. चार माग शेटच्या नावे, चार भावाच्या, चार सासऱ्याच्या. कायद्यास लागणारी दहा माणसे एकाही नावावर भरू नयेत, अशी ती वाटणी होती.

एका रात्री तागे बांधून झाल्यावर शेटच्या माणसाने एक शिक्का आणला आणि तो कापडाच्या काठावर मारू लागला. वडिलांनी शिक्का ओळखला. तो त्यांच्याच गिरणीचा होता. ज्या गिरणीच्या दाराशी ते महिनोन्महिने घोषणा देत उभे होते, तिचेच कापड ते भिवंडीत निम्म्या मजुरीत विणीत होते! गिरणी बंद, आणि गिरणीचे कापड बाजारात. त्या रात्रीची मजुरी त्यांनी घेतली. दुसऱ्या दिवशी ते कामावर गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी मात्र गेले. आम्ही चार भावंडे होतो.

मी युनियनचे काम करू लागल्यावर एकदा त्यांना जरा तावातावानेच विचारले, की तुम्ही तुमचाच संप फोडलात असे तुम्हाला कधी वाटले नाही का? ते म्हणाले, "कापड कुठं विणायचं ते शेटनं ठरवलं. मला विचारलं होतं का?"

या वाक्याचा अर्थ कळावयास मला बरीच वर्षे लागली. काम एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाते तेव्हा ज्याच्याकडून गेले आणि ज्याच्याकडे आले, ते दोघे एकमेकांकडे संशयाने पाहतात. इंग्लंडमधली ती बाई माझ्या भाचीकडे पाहते, परळचा कामगार भिवंडीच्या कामगाराकडे पाहतो, अमेरिकेतला बांगलादेशी मुलीकडे पाहतो. ज्याने ते काम हलविले तो तिसरा मनुष्य या दोघांच्याही नजरेच्या टप्प्यात नसतो. काम हलविताना मजुरीचा फरक त्याच्या खिशात पडतो हे तर उघडच आहे. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की कामगाराविषयीची जबाबदारी तो वाटेत कोठेतरी उतरवून ठेवतो. जुन्या जागी ती संपलेली असते आणि नव्या जागी ती त्याच्या नावावर चढलेलीच नसते.

ही हकीकत आजची नाही. आपल्या मुंबईतच तिची सुरुवात पाहावयास मिळते, आणि तीही उलट्या बाजूने. १८५६ साली कावसजी नानाभाई दावर यांची ताडदेवची गिरणी चालू झाली आणि पुढच्या तीस वर्षांत मुंबईचे सूत-कापड लँकेशायरच्या मालाला जड जाऊ लागले. तेव्हा मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांस एकाएकी हिंदुस्थानातल्या कामगारांची दया आली. तेथे मुले राबतात, सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत गिरण्या चालतात, म्हणून तेथे फॅक्टरी कायदा करा, असा त्यांनी विलायतेत आग्रह धरला. दया खोटी होती. मुंबईचे कापड महाग व्हावे हा हेतू होता. १८९६ साली याच लोकांच्या दडपणाने आपल्या गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के कर बसला, त्यावरून तो हेतू पुरता उघड झाला. आपले गिरणीमालक, आणि त्यांच्याबरोबर पुष्कळसे देशभक्तही म्हणू लागले, की कामगारांच्या सवलतींची मागणी म्हणजे मँचेस्टरची वकिली.

आणि नेमक्या याच वेळी नारायण मेघाजी लोखंडे उभे राहिले. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारने नेमलेल्या कमिशनपुढे ठेवला. आठवड्यास एक सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पगार, या त्यांच्या मागण्या होत्या. लोखंड्यांस मँचेस्टरचे हस्तक म्हणणे सोपे होते. त्यांनी त्याची पर्वा केली नाही. १० जून १८९० रोजी मालकांच्या संघाने आठवड्याची सुटी मान्य केली. आज आपण जो रविवार उपभोगतो त्याच्या मुळाशी ही लढाई आहे. मँचेस्टरचा त्यात फायदा होता म्हणून ती सुटी अन्यायाची ठरत नाही. अलीकडे मोठमोठ्या परिषदांतून आपल्या बाजूचे लोक म्हणतात, की युरोपवाले कामगारांचे हक्क पुढे करून आमचा व्यापार अडवितात. त्यात तथ्य असेलही. मला मात्र प्रत्येक वेळी लोखंड्यांचा तो अर्ज आठवतो.

आता बांगलादेशाकडे वळू, कारण कापडाचा धंदा लँकेशायरहून मुंबईस आणि मुंबईच्या गिरण्यांतून भिवंडीस जसा सरकला, तसा शिलाईचा धंदा ढाक्यास जाऊन पोहोचला. सुरुवात १९७९ च्या सुमारास झाली. तेथल्या देश गारमेंट्स नावाच्या कंपनीने सुमारे १३० माणसे शिकण्यासाठी कोरियातल्या देवू कंपनीकडे धाडली. त्या माणसांतून पुढे कित्येक कारखानदार निघाले. अमेरिका आणि युरोप यांनी कोरियासारख्या देशांच्या कपड्यांवर कोटा घातलेला होता. बांगलादेशाचा कोटा मोकळा होता. अशा कागदी कारणाने एका गरीब देशाच्या नशिबी एक धंदा आला, आणि तीसपस्तीस वर्षांत चाळीस लाख माणसे त्यात कामाला लागली. त्यांत बहुसंख्य बायका. खेड्यातल्या ज्या मुलीचे पंधराव्या वर्षी लग्न होत असे तिला स्वतःचा पगार मिळू लागला, ही गोष्ट लहान नाही. आपल्या हॉलमध्ये बसून तिला 'शोषण' म्हणून हात झटकणे मला पटत नाही.

पण त्याच ढाक्याजवळ सावर येथे २४ एप्रिल २०१३ रोजी काय घडले ते पाहा. राणा प्लाझा नावाची आठ मजल्यांची इमारत होती. खाली बँक आणि दुकाने, वर पाच कपड्यांचे कारखाने. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले सर्वांनी पाहिले. बँकेने आपली माणसे घरी पाठविली. दुकाने बंद राहिली. शिलाईच्या मुलींना मात्र सकाळी आत जावयास लावले, कारण माल बोटीवर चढविण्याची तारीख जवळ आली होती, आणि न गेल्यास महिन्याचा पगार अडकेल ही धास्ती. इमारत कोसळली. ११३४ माणसे गेली. जखमी झालेली अडीच हजारांच्या आसपास. त्या वेळी तेथले किमान वेतन महिन्यास तीन हजार टका होते, म्हणजे आपले सुमारे दोन हजार रुपये.

या हकीकतीतला पुढचा भाग मला त्याहून भयंकर वाटतो. जगातल्या नामांकित कंपन्यांचे कपडे तेथे शिवले जात होते, आणि अपघातानंतर कोणाचे कपडे शिवले जात होते हे कळावयास ढिगाऱ्यातून लेबले वेचावी लागली. एका कंपनीने आधी आमचा संबंध नाही म्हणून सांगितले आणि मग लेबले व कागद पुढे आल्यावर मान्य केले. काहींना तर स्वतःलाच ठाऊक नव्हते. त्यांनी एकाला काम दिले, त्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला. पाच महिन्यांपूर्वीच ताझरीन या कारखान्यास आग लागून शंभराच्या वर माणसे मेली होती, तेथेही हेच झाले होते. वडिलांच्या भिवंडीत शिक्का होता, येथे लेबल होते.

आपण म्हणाल, या मोठ्या कंपन्या हल्ली तपासणीस पाठवितात. पाठवितात. मी पाहिलेली एक तपासणी सांगतो. पुणे जिल्ह्यातच एका वर्कशॉपमध्ये परदेशी कंपनीसाठी पत्र्याचे सुटे भाग निघत. तेथे आमची युनियन नवी होती. तपासणीच्या आदल्या दिवशी भिंतींना रंग लागला, संडासांत साबण आला, आणि कोणी विचारले तर आठ तासांची पाळी सांगावयाची, असे मुलांना पढविले गेले. साहेब आले. आग विझविण्याच्या नळकांड्यावरची तारीख त्यांनी पाहिली, पिण्याचे पाणी पाहिले, कागदांच्या फायली पाहिल्या. प्रेसच्या विभागात ते दोन मिनिटे थांबले. त्या प्रेसचा संरक्षक पडदा काढून ठेवलेला होता, कारण तो लावला तर तासाला निघणारे नग कमी होतात. तीन आठवड्यांनी त्याच प्रेसवर एकोणीस वर्षांच्या मुलीची तीन बोटे गेली. मालक म्हणाला, मुलगी ठेकेदाराची. ठेकेदार म्हणाला, प्रेस मालकाची. मी परदेशी कंपनीला पत्र लिहून घेतले, माझे इंग्रजी बेताचे म्हणून एका प्राध्यापकांकडून. उत्तर आले, की आम्ही आमच्या पुरवठादारांकडून उच्च नीतिमूल्यांची अपेक्षा करतो. त्या मुलीला नुकसानभरपाई मिळाली, पण ती चार वर्षांनी, न्यायालयातून. लोखंड्यांच्या अर्जातले जखमी कामगाराचे कलम मी तेव्हा पुन्हा काढून वाचले.

कंपन्यांचा तरी यात निव्वळ फायदा होतो का? सर्वसाधारण समज असा, की कामगार मरतो आणि कंपनी तरते. पुष्कळदा तसे होतेही. पण एक उदाहरण फार बोलके आहे. अमेरिकेच्या बोइंग कंपनीने ७८७ या नव्या विमानाचे काम काढले तेव्हा ठरविले, की बहुतेक भाग, आणि त्या भागांचे आराखडेसुद्धा, बाहेरच्या कंपन्यांनी करावेत. आपण शेवटी जोडणी करावी. पंख जपानात, सांगाड्याचे तुकडे जपान, इटली आणि खुद्द अमेरिकेतल्या दुसऱ्या कंपन्यांत. खर्च आणि धोका दोन्ही वाटले जातील असा हिशेब.

याच्या आधीच, २००१ साली, हार्ट-स्मिथ नावाच्या बोइंगच्याच एका इंजिनिअराने कंपनीच्या अंतर्गत परिषदेत एक निबंध वाचला होता. त्याचे म्हणणे एका कामगारालाही समजेल असे होते: काम बाहेर दिले की त्याबरोबर नफाही बाहेर जातो, अडचण आली की मात्र ती सोडविण्याचा खर्च घरी परत येतो, आणि बाहेरच्या कामावर देखरेख ठेवावयास ज्या जाणत्या माणसांची गरज लागते, त्यांनाच आपण आधी घरी पाठविलेले असते. निबंध वाचला गेला, टाळ्या पडल्या असतील, आणि तो फायलीत गेला. माझ्या अनुभवास येथे दुजोरा मिळतो. कारखान्यातून एक विभाग जॉबवर्कला जातो तेव्हा यंत्रे जातात हे साहेबांना दिसते. त्या यंत्राचा आवाज ऐकून बेअरिंग चालले आहे हे ओळखणारा फिटर जातो, तो हिशेबाच्या वहीत नसतोच.

पुढे काय झाले? ८ जुलै २००७ रोजी मोठा समारंभ करून विमान लोकांना दाखविले. आतून ते पोकळ होते, आणि कित्येक ठिकाणी तात्पुरत्या खिळ्यांनी जोडलेले होते. जगभरातून आलेले भाग एकमेकांशी नीट बसेनात. कोठे आराखडा अपुरा, कोठे पुरवठादाराने आपले काम आणखी कोणाकडे दिलेले. २००८ साली २७ हजार यांत्रिक कामगारांनी ५७ दिवसांचा संप केला. बाहेर दिले जाणारे काम हा त्यातला एक मुख्य मुद्दा होता. २००९ साली दक्षिण कॅरोलायनातल्या पुरवठादाराचा कारखाना बोइंगला स्वतः विकत घ्यावा लागला. मे २००८ मध्ये द्यावयाचे पहिले विमान गिऱ्हाइकाच्या हाती पडले सप्टेंबर २०११ मध्ये. त्याच वर्षी कंपनीच्या प्रवासी विमान विभागाच्या प्रमुखाने जाहीरपणे कबूल केले, की महत्त्वाचे काम घराजवळ ठेवले असते तर जो खर्च आला असता, त्याहून कितीतरी अधिक खर्च ते निस्तरण्यात झाला. (जून २०२५ मध्ये अहमदाबादेस झालेला अपघात याच जातीच्या विमानाचा होता, हे आपल्यापैकी अनेकांच्या मनात आले असेल. त्याचा मी याच्याशी संबंध जोडीत नाही. तसे करणे अप्रामाणिकपणाचे होईल.)

हे ऐकून कोणी म्हणेल, चला, कंपन्यांना धडा मिळाला, आता काम परत येईल. मी इतका भाबडा नाही. ज्या गावातून काम जाते त्या गावात ते सहसा परत येत नाही. २००० ते २०१० या दहा वर्षांत अमेरिकेतल्या कारखान्यांतले रोजगार एक कोटी सत्तर लाखांहून एक कोटी पंधरा लाखांवर आले. त्यात यंत्रांचा वाटा आहे, मंदीचा आहे, चीनच्या मालाचाही आहे. परदेशी मालामुळे काम गमावलेल्यांना मदत देण्याची एक योजना तेथे १९६२ पासून होती. २०२२ च्या जुलैपासून तीही संपली.

माझ्या भाचीचे काय झाले ते राहिले. ती त्या कंपनीत सहा वर्षे होती, टीम लीडर झाली. दरम्यान फोनवर बोलण्याचे काम फिलिपाइन्सकडे वळू लागले होते; २०१० च्या सुमारास त्या देशाने यात आपल्याला मागे टाकले. २०१२ साली एके दिवशी तिला सांगण्यात आले, की तुमचा विभाग मनिलास जाणार, आणि तेथल्या मुलांना पडद्यावरून सहा आठवडे तुम्हीच शिकवावयाचे. तिने शिकविले. नाही शिकविले तर शेवटच्या महिन्याचे पैसे आणि अनुभवाचा दाखला दोन्ही अडकणार होते. दोनतीन वर्षांनी फ्लॉरिडातल्या एका विख्यात करमणूक कंपनीची बातमी आली. तिने सुमारे अडीचशे संगणक कर्मचाऱ्यांस काढले आणि त्यांच्या जागी भारतीय कंपनीमार्फत आलेल्या मुलांना शिकविण्याचे काम जाणाऱ्यांवरच सोपविले. ती बातमी मी भाचीला दाखविली. ती म्हणाली, "म्हणजे आधी त्या बाईंचा मुलगा, मग मी, आणि आता हे."

आपल्या देशात संगणकाच्या या धंद्यात पन्नास लाखांहून अधिक माणसे आहेत. या सभागृहात असे घर क्वचितच असेल, की ज्याचा मुलगा, सून, जावई, पुतण्या त्यात नाही. त्यांच्याकडे काम आले तेव्हा आपण पेढे वाटले. ते काम उद्या आणखी स्वस्त देशात, किंवा यंत्राकडेच, जाऊ लागले तर त्यांच्या हातात काय असेल, हे आपण त्यांना विचारले आहे का? मी हिंजवडीच्या फाटकाशी पत्रके वाटली आहेत. मुले नम्रपणे घेतात आणि सांगतात, की काका, आम्ही कामगार नाही. मी वाद घालीत नाही. नोकरी गेलेल्या दिवशी त्यांतलीच काही पत्रकावरचा नंबर शोधून फोन करतात.

उपाय काय, असे आता आपण विचाराल. काम हलूच नये असे म्हणणारा मी नाही. ते हलत आले आहे आणि हलणार. कंत्राटी कामगारांविषयी १९७० साली आपल्याकडे जो कायदा झाला त्यात एक शब्द होता: मूळ मालक. ठेकेदाराने पगार बुडविला तर तो मूळ मालकाने द्यावयाचा. तो कायदा आता नव्या श्रमसंहितेत विलीन झाला, संहिता नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या, तरी हा शब्द टिकून आहे. त्या कायद्याच्या जोरावर मी अनेक ठिकाणी बुडालेला पगार काढून दिला आहे. पण हा मूळ मालक देशाच्या वेशीपाशी संपतो. ढिगाऱ्यातल्या लेबलावर ज्याचे नाव, त्याला कोणत्या न्यायालयात उभे करावयाचे?

राणा प्लाझानंतर या प्रश्नाला पहिले खरे उत्तर मिळाले. मे २०१३ मध्ये जागतिक कामगार संघटनांनी परदेशी कंपन्यांशी एक करार केला. त्याला अकॉर्ड म्हणतात. पुढे दोनशेहून अधिक कंपन्या त्यात आल्या आणि सोळाशेच्या आसपास कारखाने स्वतंत्र इंजिनिअरांनी तपासले. रंग आणि साबण पाहणारी ती तपासणी नव्हती. खांब, जिने, कुलूप लागलेले दरवाजे पाहणारी होती. आणि मुख्य म्हणजे करार मोडला तर लवादाकडे जाता येत होते. संघटना गेल्याही. हेगच्या लवाद न्यायालयात दोन कंपन्यांविरुद्ध दावे चालले, आणि त्यांतल्या एकीने जानेवारी २०१८ मध्ये तेवीस लाख डॉलर देऊन तडजोड केली, कारखाने दुरुस्त करण्यासाठी. ढाक्याच्या शिवणकामगारांचे गाऱ्हाणे हेगला ऐकले गेले! फ्रान्सने २०१७ साली कायदाच केला, की मोठ्या कंपन्यांनी आपल्या परदेशी पुरवठादारांकडच्या धोक्यांचीही काळजी वाहिली पाहिजे. जर्मनीचा कायदा २०२३ पासून आला. युरोपीय संघाने २०२४ साली तसाच नियम केला आणि लगेच तो सौम्य करण्याची खटपटही सुरू झाली. ती खटपट कोणी केली हे सांगावयास नको.

आणि हे सारे परक्या देशांतच घडते असे नाही. तामिळनाडूत दिंडिगल येथे २०२२ साली तेथल्या बायकांच्या पुढाकाराने चालणाऱ्या कापड कामगार युनियनने कारखानदाराशी आणि त्याच्याकडून माल घेणाऱ्या परदेशी कंपन्यांशी करार केला. तेथे एका दलित मुलीचा तिच्या वरिष्ठाने खून केला होता, त्यातून ही लढाई उभी राहिली. करार असा, की बायकांचा छळ थांबला पाहिजे, कारखान्यातल्याच बायकांनी देखरेख करावयाची, आणि कारखानदाराने शब्द मोडला तर परदेशी कंपनीने त्याचे परिणाम त्याला भोगावयास लावावयाचे. त्या युनियनमधल्या एका बाईंची आणि माझी एका बैठकीत भेट झाली. मला तमिळ येत नाही, त्यांना मराठी येत नाही, दोघांचेही हिंदी यथातथाच. मी त्यांना विचारले, की तुम्ही परदेशी कंपनीला टेबलाशी आणलेत तरी कसे? त्या म्हणाल्या, आम्ही तिकडच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांना आणि तिकडच्या युनियनवाल्यांना आमची गोष्ट सांगितली, आणि सांगतच राहिलो.

त्या बैठकीहून परतल्यावर मी भाचीकडे गेलो. ती आता एका पतपेढीत आहे, पगार पूर्वीपेक्षा कमी, पण रात्री घरी असते. मी तिला म्हणालो, की तू विचारलेस त्याला सोळा वर्षे झाली. तू काम घेतले नाहीस, हे मी बरोबर सांगितले होते. पण जेवून घे म्हणालो, ते चुकले. त्या बाईंचा पत्ता तुझ्या पडद्यावर होता. त्यांच्या मुलाची युनियन असेल, तर तिचे नाव मी त्याच वेळी तुला विचारावयास लावावयास हवे होते. ती हसली आणि म्हणाली, "मामा, कॉल रेकॉर्ड होत होता. दुसऱ्या दिवशी मला काढून टाकलं असतं."

तिचे बरोबर आहे. त्यामुळे हे काम तिच्यावर टाकता येत नाही. ते माझ्यासारख्यांनी करावयास हवे होते, आणि मी ते उशिरा सुरू केले आहे. उत्तर इंग्लंडमधल्या दोन युनियनना गेल्या वर्षी पत्रे लिहिली. इंग्रजी त्याच प्राध्यापकांचे. एकीचे उत्तर आले आहे.